सर्व्हिस बुकातला पोहणारा

चिंतामणराव सरवटे दमले होते. राज्याला राजधान्या दोन : उन्हाळ्यात सरकार इंदूरला, हिवाळ्यात ग्वाल्हेरला. सरकारमागून दप्तर आणि दप्तरामागून चिंतामणराव. अशी सहा वर्षं गेली. या खेपेला मात्र ते जाणार नव्हते. महिनाअखेर निवृत्ती होती, आणि त्यांच्या पत्नी शारदाबाईंनी होल्डॉल शेजारी देऊनही टाकला होता.

खंडेनवमीला पूजेत मांडायची म्हणून हेडक्लार्क दौलतराव कचेरीची पितळी मोहोर विहिरीवर धुवायला गेले, आणि ती हातातून सुटून आत पडली. मोहोरेशिवाय एक कागद हलेना. नवी मागवायची तर अर्ज करायचा, आणि अर्जावर मोहोर हवी. बाहेरचा पाणबुड्या बोलवावा, तर सरकारी मोहोर परक्याच्या हाती कशी द्यायची?

दौलतरावांनी सगळ्यांची सर्व्हिस बुकं काढली. फक्त एकात नोंद सापडली : 'पोहता येते : होय.' ती चिंतामणरावांची होती. होळकरशाहीत नोकरीला लागताना त्यांनी ते भीत भीत लिहिलं होतं. घोड्यावर बसण्याच्या रकान्यात 'नाही' लिहिल्यावर निदान एक तरी 'होय' हवं म्हणून. आता खोटं म्हणावं, तर पेन्शनच अडकणार.

दौलतरावांचा मेहुणा महूच्या पलटणीत होता. त्याच्याकडून काचेचा रबरी चष्मा, शिशाचा पट्टा आणि पाणबुड्यांसाठीच्या सूचनांचा इंग्रजीत टाइप केलेला एक कागद आला. हवेची टाकी तेवढी मिळाली नाही.

विहिरीच्या काठावर चिंतामणरावांच्या कमरेला पट्टा आणि दोर बांधला. दोर चार चपराशांनी धरला. दौलतराव कागद वाचून आपल्या इंदुरी बोलीत समजावू लागले.

"उडी नाही मारायची, भिया. एका हातानं चष्मा दाबायचा, दुसऱ्यानं पट्टा. नजर समोर, खाली बिलकुल बघायचं नाही. बस, एक लंबा कदम."

"आणि मग?"

दौलतरावांनी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

चिंतामणरावांनी समोरच्या कडुनिंबाकडे बघत पाऊल टाकलं. पोहणारा माणूस असता तर हातपाय मारत बसला असता. ते सरळ तळाला गेले. गाळात पायाखाली काहीतरी टोचलं, ते त्यांनी वाकून घट्ट धरलं, आणि चपराशांनी त्यांना कळशीसारखं वर ओढलं. मुठीत मोहोर होती.

गलबला ऐकून कचेरीचे साहेब बाहेर आले होते. त्यांनी असा सूर आयुष्यात पाहिला नव्हता. असा माणूस रिटायर होतोय हे कळल्यावर ते चांगलेच अस्वस्थ झाले.

"दौलतरावजी, यांना दोन साल एक्स्टेन्शन. आजच कागद करा. ग्वाल्हेरच्या कचेरीत तर दोन विहिरी आहेत."

चिंतामणरावांनी तोंडातलं पाणी थुंकलं. तीस वर्षांत प्रथमच त्यांना खरं बोलायची निकड वाटली.

"साहेब, खरं सांगतो, मला पोहता येत नाही."

साहेब हसले. त्यांनी सर्व्हिस बुक मागवलं आणि पोहण्याच्या नोंदीखाली स्वतःच्या हातानं लिहिलं : 'स्वभाव : अत्यंत विनयशील.'