झाड धरून बसायचं

कारखान्यातले सुरक्षा अधिकारी घरीही ड्युटीवरच असत. रविवारी जंगलात सहलीला जायचं ठरलं, तसे त्यांनी आपल्या सात वर्षांच्या मुलीचे, चिमणीचे, रोज संध्याकाळी तास घेतले. हरवलीस तर पळायचं नाही, वाट शोधायची नाही, जवळचं झाड धरून बसायचं. मुलं घाबरून धावत सुटतात आणि शोधणाऱ्यांपासून आणखी लांब जातात, हे त्यांनी बायकोलाही दोनदा ऐकवलं. अनोळखी माणसाला ओ द्यायची नाही, हा त्यांचा जुना नियम होताच.

जंगलात डबे उघडत असताना चिमणी एका खारीच्या मागे गेली. वळून पाहते तो कुणीच दिसेना. तिने शेजारचं झाड धरलं आणि फतकल मारली.

इकडे पोर दिसेना म्हटल्यावर आई आधी रडली. मग म्हणाली, वनरक्षकांना बोलावू, तोवर आपण इथेच थांबू.

"थांबून कुणाचं भलं झालंय?" असं म्हणत साहेब झाडीत घुसले. ओढ्यापर्यंत पायवाट होती, ओढ्यात एक बूट गेला. पुढे सगळी झाडं सारखीच दिसायला लागली, तसे ते धावत सुटले.

वनरक्षक बाई आणि त्यांची माणसं हाका मारत चिमणीच्या अगदी जवळून गेली. माणसं अनोळखी, म्हणून ती झाडामागे सरकून गप्प राहिली. शेवटी बाईंनी आईला बरोबर घेतलं. आईने रडवेल्या आवाजात पहिलीच हाक मारली आणि झाडामागून चिमणी म्हणाली, "मी कुठे गेलेच नाही."

मग साहेबांचा शोध सुरू झाला. हाकांना उत्तर येईना. उन्हं कलली, तशी नवऱ्याला नावं ठेवणारी आई देवाचं नाव घेऊ लागली. अखेर एका काटेरी जाळीत ते सापडले, अंग चोरून बसलेले, धडधाकट.

"हाका ऐकू आल्या नाहीत?" आईने विचारलं.

"आल्या ना," साहेब पुटपुटले. "पण तू बोलशील म्हणून..."

वनरक्षक बाईंनी त्यांना पाणी दिलं आणि आईला समजावलं, "रागावू नका. या वयात लपतातच."

सोमवारी कारखान्यात साहेबांच्या तोंडावरचे ओरखडे पाहून सगळे गोळा झाले. साहेबांनी एवढंच सांगितलं, की मुलगी हरवली होती आणि आता सुखरूप आहे. बाकीचं लोकांनी आपापल्या मनाने जुळवलं. मॅनेजर तर इतके भारावले, की पुढच्या महिन्यात सगळ्या कामगारांना जंगलात न्यायचं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. वाटाड्या म्हणून साहेबांचं नाव एकमताने पास झालं.