पालटायची वेळ

कारखान्याचा भोंगा झाला की माणिकअप्पा असतील तिथून उठायचे. चहाची बशी तोंडाला लागलेली असो, नाहीतर न्हाव्यानं अर्धी दाढी केलेली असो. "पालटायची वेळ झाली," म्हणायचे आणि घराकडं चालू पडायचे. एकदा अर्ध्या गालावर साबण घेऊन सगळा भालकीचा बाजार ओलांडून गेले, तेही दोन्ही बाजूंना रामराम घालत.

पालटायचं म्हणजे भामाक्काला. अप्पांची बायको लकव्यानं अंथरुणाला खिळलेली होती. डॉक्टरनं सांगितलं होतं, सारखं या कुशीवरनं त्या कुशीवर वळवत राहा, नाहीतर पाठीला जखमा होतील. अप्पांनी जन्मात घड्याळ बांधलं नव्हतं. म्हणून त्यांनी भोंगा धरला, आणि दोन भोंग्यांच्या मधल्या वेळेला माझ्या रेडिओवरच्या बातम्या.

मी त्यांचा शेजारी. त्यांच्या भिंतीला लागून माझं एसटीडीचं बूथ होतं. अप्पा मला नावानं हाक मारत नसत, 'एष्टीडी' म्हणत. मला सांगितलेलं काम हमखास बिघडतं अशी गल्लीत माझी ख्याती होती, आणि ती मी कष्टानं कमावली होती. फोनवर आलेला मयताचा निरोप मी एकदा बारशाच्या घरी नेऊन दिला. बायका पाळणा सोडून रडायला बसल्या, आणि बराच वेळ रडून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "पर मेलंय कोण?"

भामाक्का गेली तरी भोंगा व्हायचाच. अप्पा कट्ट्यावरनं उठायचे, धोतर झटकायचे, आणि कुठं जायचं ते न कळून परत बसायचे. त्यांचा मुलगा राजू पुण्याला कंपनीत होता. दर रविवारी माझ्या बूथवर त्याचा फोन यायचा. "अप्पा, इकडंच या आता." अप्पांचं उत्तर ठरलेलं. "बघू की. घाई कामून करायलास?" फोन ठेवला की भाकरीसुद्धा घाईनं खायची नाही असं ठरवल्यासारखे उपाशी बसून राहायचे.

त्या साली ऊस सरता सरता अप्पांच्या शेतात तोडवाल्यांना पाचटाखाली अजगरीण सापडली. अंड्यांना वेटोळं घालून बसलेली. त्यांनी डबे वाजवून तिला नाल्यात हुसकलं आणि पाचट पेटवायला घेतलं. अप्पांनी ती अंडी धोतराच्या ओच्यात घालून घरी आणली.

घरात जमिनीत पुरलेला एक रांजण होता. त्यात ओली वाळू घातली, वर अंडी एकावर एक रचली आणि पाण्यात पिळलेलं पोतं झाकलं. मी दारातूनच विचारलं, "अप्पा, कोंबडीची अंडी कमी पडली का गावात?"

"कोंबड्या काय कुणी बी उबवंल," अप्पा म्हणाले. कुठली बाजू पालटली ते कळावं म्हणून प्रत्येक अंड्यावर ते कोळशानं एक फुली मारत होते. "कोंबडी चोचीनं अंडं पालटती का न्हाई? न्हाईतर पिल्लू टरफलाला चिकटतंय. हितं आई न्हाई. म्हंजे आपल्यालाच पालटाया पायजे."

दुपारचा भोंगा झाला. अप्पा उठले, आणि पुष्कळ दिवसांनी त्यांना कुठं जायचं ते ठाऊक होतं.

अप्पा पुन्हा माणसात आले. दाढी पुन्हा अर्धी राहू लागली. समोरची काशाक्का भांडायला आली, "व्हय वो अप्पा, ही पिल्लं आमची शेळी गिळली म्हंजे?"

"तुझी शेळी गिळाया अगोदर तिला पकडाया पायजे. तुला तरी कधी गावलीय का ती?"

मी म्हणालो, "पिल्लं निघाली की तुम्हाला आई म्हणतील."

"म्हनू दे. तुला तर काका बी म्हननार न्हाईत."

राजूला ते फोनवर सांगायचे, "अंडी हायत घरात. एवढी निघू दे, मग येतो." पुण्यात राजूला काय कळत असेल, देव जाणे.

मधे एक दिवस त्यांना मयतीला उदगीरला जावं लागलं. रांजण माझ्या हवाली झाला. "भोंगा झाला की पालट. आन् आभाळ गडगडायलं तर आत लोखंड ठेव, न्हाईतर अंडी नासत्यात. इसरू नको, एष्टीडी."

पालटायचं धाडस मला झालं नाही. अंड्याला हात लावल्यावर आतून कुणी विचारपूस केली तर काय घ्या? पण दुपारी वळवाचं आभाळ गडगडलं आणि मी धावत जाऊन बूथचं कुलूप रांजणात ठेवलं. पाऊस ओसरला, तसं ते काढून रात्री बूथला लावलं. सांगितलेलं काम आयुष्यात एकदा मी बरोबर केलं, ते हे.

मृगाच्या सुमारास पिल्लं निघाली. दोनच. बाकीची अंडी पिवळी पडून आत बसली. जंगल खात्याचा माणूस पिल्लं न्यायला आला. अप्पा आत पाणी आणायला गेले, तेवढ्यात त्यानं एका अंड्यावरची कोळशाची फुली बघितली.

"किसने पलटाया ये?" तो हळूच म्हणाला. "सांप का अंडा जैसा पडा वैसाच रखना पडता. पलटाया तो अंदर पिल्ला मर जाता."

जी दोन फुटली ती तळाशी एकमेकांना घट्ट चिकटलेली होती. त्यांना पालटताच आलं नव्हतं.

अप्पा तांब्या घेऊन बाहेर आले. "दोनच कामून निघाली वो, सायेब?"

त्या माणसानं तोंड उघडलं. माझं आधी उघडलं. असल्या कामात माझी चपळाई वाखाणण्यासारखी आहे.

"अप्पा, त्या दिशी लोखंड ठेवायचं मी विसरलो."

साहेब माझ्याकडं बघत राहिला. मग पिशवीचं तोंड बांधू लागला.

"गडगडलं व्हतं?"

"लई. ती दोन तळाला होती, म्हणून वाचली असतील."

अप्पांनी मला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. साहेब पिशवी घेऊन गेला तसे ते कट्ट्यावर बसले. आणलेलं पाणी तांब्यात तसंच होतं.

"येक काम सांगितलं व्हतं तुला."

"व्हय, अप्पा."

"तुझ्या हातात कुनी माणूस दिलं न्हाई, ते बरं हाय." तांब्या खाली ठेवत ते म्हणाले, "भामाला शेवटपतुर येक फोड येऊ दिला न्हाई मी."

"एक बी न्हाई," मी म्हणालो.

भोंगा झाला. अप्पा उठले, धोतर झटकलं आणि परत माझ्या शेजारी बसले.