पास्कलभाऊंचं मेक्सिको

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आम्ही कतारमध्ये, दुखानच्या तेल कंपनीच्या कॉलनीत राहायचो. तिथली सगळी घरं वाळूच्या रंगाची. शेजारच्या पास्कलभाऊंचं घरही बाहेरून तसंच होतं. आत पाऊल टाकलं की मात्र डोळे दिपायचे. बैठकीची भिंत राणी रंगाची, स्वयंपाकघराचा दरवाजा झेंडूसारखा पिवळा, बाथरूमचा गर्द निळा. पाहुणा टेकायच्या आत भाऊ विचारायचे, "काय, मेक्सिकोत आल्यासारखं वाटतं ना?"

भाऊ मूळचे वसईचे, मेन्टेनन्समध्ये सुपरवायझर. मेक्सिको त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. समोर एक मेक्सिकन इंजिनियर राहून गेला, त्याने गावाकडच्या घरांचे फोटो दाखवले आणि भाऊंना वेड लागलं. "तिकडं माणूस रंगाला घाबरत नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तिकडे चुन्यात निवडुंगाचा रस घालतात, असं कळल्यावर त्यांनी सुट्टीहून येताना वसईचा निवडुंग बॅगेत घालून आणला. दोहा विमानतळावर कस्टमवाल्याने हे काय म्हणून विचारलं. भाऊ शांतपणे म्हणाले, "पेंट, सर." त्याने एक पान उचललं, बोटात काटा गेला, आणि त्याने मुकाट्याने पुढे जायची खूण केली. तो निवडुंग भाऊंनी भिजत घातला तेव्हा वासाने आम्ही आठवडाभर खिडक्या लावून बसलो होतो.

रेजिनावहिनी अगदी उलट. अबोल. कॉलनीच्या दुकानात समोर उभं राहून हसलं तरी ओळख द्यायच्या नाहीत. आमच्या घरात वहिनी शिष्ट आणि भाऊ अर्धवट, असा निकाल केव्हाच लागला होता.

एका सकाळी कंपनीच्या हाउसिंग खात्याचे नवे साहेब घरं तपासायला आले. मी भाऊंकडेच दाराजवळ बसलो होतो. साहेबांनी रंग पाहून कपाळाला हात लावला. आठवड्याच्या आत सगळं पांढरं करा, नाहीतर घर सोडा, म्हणाले. रंगावरून कुणाशीही वाद घालणारे भाऊ या वेळी नुसते उठले. मग साहेबांना दाराबाहेर नेऊन त्यांनी हळू आवाजात हिंदीतून विनवणी केली. भिंती आजच पांढऱ्या करतो, फक्त दरवाजे राहू द्या. बायकोची नजर जात चालली आहे, डॉक्टरांनी हात टेकलेत, फिकं काही तिला दिसत नाही. पिवळं दिसलं की स्वयंपाकघर, निळं दिसलं की बाथरूम, एवढ्यावर ती घरभर एकटी फिरते.

साहेबांनी उघड्या दारातून आत निळ्या दरवाजाकडे पाहिलं. "पुढच्या वर्षी बघू, इन्शाल्ला," म्हणाले आणि पुढच्या घराकडे गेले.

भाऊ आत आले. इतकी वर्षं शेजारी राहून आम्हाला का नाही सांगितलं, एवढंच मी त्यांना विचारलं.

"सगळे तिला बिचारी म्हणाले असते," भाऊ म्हणाले. "ते तिला नाय सोसत. मला येडा म्हणतात, त्याचं काय एवढं."

इतक्यात वहिनी चहाचा ट्रे घेऊन पिवळ्या दारातून सरळ आमच्याकडे आल्या. मी सवयीने नुसता हसलो. मग भानावर येऊन म्हणालो, "वहिनी, मी शेजारचा सदा."

त्यांचा चेहरा उजळला. "बसा ना भावजी," त्या म्हणाल्या. "किती दिवसांनी बोललात."