हकिकत दमयंतीच्या क्लच पेन्सिलीची

श्री. शके एकोणीसशे सोळा, भावनाम संवत्सरे, कार्तिक वद्य पंचमी. ते दिवशी प्रांत पनवेल, मौजे सुकापूर येथील राजमान्य राजश्री काशिराम मिस्त्री मढवी यांची ज्येष्ठ कन्या दमयंती, इजकारणे एक पेन्सिल खरेदी करावयाची मोहीम कैसी निघाली, प्रथम शिकस्त कैसी खाल्ली आणि मग फत्ते कैसी जाहली, ही कुल हकिकत यथास्थित लिहितो. कोणी नाक मुरडून म्हणेल, पेन्सिलीची कसली आली बखर? त्यास आमचे उत्तर हेच की, लोकांनी बांधाच्या वीतभर मातीवरून डोकी फोडली आणि त्याच्या कथा पिढ्यान् पिढ्या चालल्या, आमच्या पेन्सिलीने निदान घर उभे केले. ज्यास ऐकणे नसेल त्याने खुशाल उठावे, दार उघडेच आहे.

तपशील ऐसा. दमयंती आयटीआयातून ड्राफ्ट्समनचा दाखला घेऊन दीड वर्ष घरी बसली होती. इमारतींचे नकाशे काढणे हा तिचा हुन्नर, आणि जीवही त्यातच अडकलेला. त्या काळी नवीन पनवेलीत इमारती अळंब्यांसारख्या उगवत होत्या, आणि नकाशे करणाऱ्या वसुंधराबाई आर्किटेक्ट यांचे कचेरीत एक जागा रिकामी पडली, आणि फर्मान सुटले की, येत्या सोमवारी तीन तासांत दुमजली घराचा नकाशा जो चोख काढील त्यास जागा द्यावी, टेबल व टी-स्क्वेअर कचेरीचा, पेन्सिल ज्याची त्याने आणावी. आणि जागा न मिळाली तर? तर काशिरामांच्या भगिनी गोदूबाई, ज्या पनवेलच्या मासळीबाजारातल्या मातब्बर सरदार, त्यांनी कळंबोलीच्या लोखंडबाजारात ट्रकांच्या वजनकाट्यावर पावत्या फाडण्याची चाकरी भाचीसाठी ठरवून ठेविली होती. एक तारखेस रुजू व्हावयाचे. तेथे एकदा बसली की नकाशे संपले, हे पोरीस पक्के ठाऊक होते.

पूर्वी ऐसाच एक सामना ती हरली होती. तेव्हा लाकडी पेन्सिल घेऊन गेली, अकरा वेळा टोक केले, अकरा वेळा मोडले, आणि वेळ संपला तेव्हा जिन्याच्या चारच पायऱ्या काढून झाल्या होत्या. ते घर ऐसे की वरच्या मजल्यावर राहावयास जाणाराने शिडी लावावी! दोष तिच्या हाताचा. हात भारी जड. लहानपणापासून बापाच्या सुतारकामाच्या शेडमध्ये सागाच्या फळ्यांवर खुणा करीत वाढलेली पोर, ती कागदावरही सागावर काढावे तैसे दाबून काढी. आयटीआयातले मास्तर सांगून थकले की हात हलका कर. सांगितल्याने हात हलके होत असते तर आणखी काय पाहिजे होते?

मग घरात मसलत बसली, आणि काशिराम मिस्त्री यांनी हुकूम केला की, टोक करण्याची भानगडच नको, दट्ट्या दाबताच लीड बाहेर येते ती क्लच पेन्सिल घ्यावी, आणि उत्तमातली उत्तम घ्यावी. आणि खासा मिस्त्री, दमयंती व गोदूबाई ऐसी तीन असाम्यांची फौज सहा आसनी रिक्षात बसून निघाली, आणि टपाल नाक्यावर उतरून लाईन आळीत प्रितेशशेठ यांच्या स्टेशनरीच्या दुकानावर मोर्चे लाविले.

प्रितेशशेठ यांनी काउंटरावर सात पेन्सिली मांडिल्या आणि पुढ्यात कोरा कागद ठेविला. आता या मुलुखाचा रिवाज ऐसा की, लिहावयाचे नवे साधन हाती आले म्हणजे प्रथम श्री काढावा. श्री सुरेख उतरला तो माल सुरेख, या निवाड्यावर अपील नाही. सबब काशिरामांनी श्री काढिला. वह्या घ्यावयास आलेले एक निवृत्त गुरुजी होते, त्यांनी न विचारता श्री काढिला. गोदूबाईंस अक्षर येत नव्हते, त्यांनी स्वस्तिक काढिले आणि त्याखाली चार ठिपके दिले. कागद ऐसा भरला की शेठजींस दुसरा द्यावा लागला. आणि सातांपैकी एक निळी, आरपार दिसणारी, बुडाशी गुलाबी रबर असलेली पेन्सिल होती, तिचा श्री ऐसा उतरला की जणू लग्नपत्रिकेवरचा. सर्वांच्या मुखातून वाहवा निघाली.

प्रितेशशेठ म्हणाले, “काका, ड्रॉइंगसाठी पाहिजे ना? मग एक मिनिट, मी आतून दुसरा बॉक्स—”

“शेठ, श्री बघा जरा, श्री!” गुरुजींनी त्यांस दरडावून गप्प केले. दमयंतीच्या मनात काही तरी बोलावयाचे होते, परंतु गुरुजींपुढे तोंड कोण उघडणार? निळी पेन्सिल खरेदी जाहली, आणि फौज विजयाच्या आनंदात उसाचा रस पिऊन परतली. मूर्खांचा आनंद मोठा असतो, हे आम्ही नम्रतापूर्वक नमूद करितो.

दुसरे दिवशी सकाळी दमयंतीने फळ्यावर कागद ताणिला, पट्टी लाविली आणि घराची पहिली भिंत काढावयास घेतली. तो काय अनर्थ! पेन्सिलीचे तोंड जाड निमुळते, लीड पट्टीच्या कडेस भिडेना, मध्ये फट राहिली, आणि त्या फटीत लीड डावीउजवीकडे डुलू लागले. सरळ भिंत म्हणून जी निघाली ती गाढी नदीसारखी वळणे घेत गेली. पोरीने दात आवळून जोर दिधला, तो लीड ताडकन मोडले. पुन्हा दट्ट्या दाबिला, पुन्हा मोडले. एक स्वयंपाकघर काढण्यात नऊ लीड धारातीर्थी पडली. दमयंतीने पेन्सिल खाली ठेविली, आणि तिच्या डोळ्यांना पाणी आले ते आईने पाहिले.

काशिराम ओशाळून म्हणाले, “अगं पण श्री तं कसा झ्याक आलेला.”

“बाबा, श्री कुणाला काढायचाय? मला भिंत काढायचीय. श्रीमध्ये एक तरी सरळ रेघ पट्टी लावून काढतात का? आपण सगळे येडे. पेन्सिल बघायची तर पट्टीला लावून बघायची.”

काशिराम म्हणजे तीस वर्षे दारेखिडक्या केलेला माणूस, लाकूड सरळ आहे की नाही ते सुतळी लावून बघणारा, आणि पेन्सिल घेताना श्रीवर भुलला! त्यांस आपलीच लाज वाटली. मग उठले, आणि शेडमधून आपला गुण्या, म्हणजे सुताराचा तो पोलादी काटकोन, जो ते कोणास हात लावू देत नसत, तो फडक्यात गुंडाळून काखेस मारिला आणि म्हणाले, “चल.”

गोदूबाईंसह दुसरी स्वारी लाईन आळीत दाखल जाहली. दुकानात पाटी होती की, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. यावर गोदूबाईंनी तोफखाना पुढे काढिला.

“मी इकलेली मासली घरी नेल्यावर वास मारली, तं मी परत घेतंय का नाय? इचार बाजारात! आन् तुजी पेन्सिल काय पापलेटाहून मोठी लागून गेली?”

“मावशी, अहो मी कालच सांगत होतो. माझं ऐकलं कोणी?” प्रितेशशेठ म्हणाले. आणि निळी पेन्सिल परत घेऊन त्यांनी आतला बॉक्स आणिला. माणूस सज्जन, हे तो शत्रुपक्षाचा असला तरी लिहिले पाहिजे.

काशिरामांनी काउंटरावर कागद पसरला, त्यावर गुण्या ठेविला, आणि फर्माविले की येथे कोणी श्री काढणार नाही. मग दमयंती पुढे जाहली. पहिली पेन्सिल केसाएवढ्या बारीक लीडची. रेघ अर्धी जाण्याआधीच लीडचे दोन तुकडे उडाले, त्यातला एक शेठजींच्या चहात पडला. दुसरी जाड लीडची, ती मोडेना, परंतु रेघ ऐसी रुंद की भिंतीच्या जागी धरणाचा बांध दिसावा. तिसरी मात्र वेगळ्याच घराण्याची. अंग सगळे धातूचे, धरावयाची जागा बारीक खाचा पाडून खरबरीत केलेली, आणि टोकाशी बारीक पोलादी नळी, चांगली लांब. ती नळी गुण्याच्या कडेस ऐसी चिकटून बसली की मध्ये वाराही जाईना. दमयंतीचा चेहरा उजळला. परंतु तिने रेघ ओढली आणि लीड मोडले. पुन्हा ओढली, पुन्हा मोडले. ती हिरमुसून म्हणाली, “पेन्सिल चांगली आहे हो. माझाच हात वाईट आहे.”

गोदूबाईंनी किमतीची घासाघीस अर्ध्यावर सोडिली, यावरून प्रसंग ओळखावा.

मग काशिरामांनी ती पेन्सिल उचलली आणि तळहातावर तोलून पाहिली. पुढच्या बाजूस वजन, मागे हलकी. दोनदा, तीनदा तोलली. आणि हळूच म्हणाले, “दमे, करवतीला जोर द्याचा नसतो, म्हाईत हाय ना तुला? लानपणी शिकवलेलं मी. जोर दिलास तं ती अडते, पातं वाकतं. करवत आपल्या वजनानं कापते, आपण निसती पुढंमागं न्याची. ह्या पेन्सिलीला बी वजन हाय. तू नको दाबूस. तिला जाऊ दे.”

मास्तरांनी दोन वर्षे जे सांगितले ते तिच्या डोक्यात शिरले नव्हते, ते आता हातात शिरले. प्रितेशशेठ यांनी पेन्सिलीत कडक जातीचे लीड भरून दिले. दमयंतीने श्वास सोडला, पेन्सिल गुण्यास टेकविली, आणि नुसती नेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ निघाली, बारीक, काळी, एकसारखी, आणि लीड मोडले नाही. पुन्हा एक काढिली. पुन्हा एक. शेवटी कागदावर एक खोली उभी राहिली, आणि ती थांबेना, तिने त्या खोलीस दार काढिले, खिडकी काढिली.

“बस्स, बस्स, पोरी, दुकानाचा सगळा कागद संपवतेस का?” ऐसे म्हणून गोदूबाईंनी डोळे पुसले, आणि लगोलग शेठजींकडून एक खोडरबर फुकट उकळले.

सोमवारी सामना जाहला. उमेदवार तिघे. दोघे तरुण चामड्याच्या पेट्या घेऊन आलेले, दमयंती एका पेन्सिलीनिशी. आणि मागच्या शिकस्तीची आठवण ऐसी की, तिने प्रथम जिनाच काढिला, पुरत्या अठरा पायऱ्यांचा, आणि मग जिन्याभोवती घर बांधिले. अडीच तास सर्व ठीक चालले. मग तिने मापे पाहावयास पेन्सिल क्षणभर खाली ठेविली, आणि टेबल उतरते, पेन्सिल गोल! ती गडगडत निघाली. खाली फरशी. नळीवर पडली तर नळी वाकणार, आणि वाकली की सर्व संपले. दमयंतीने हात घातला, हात पोचला नाही, आणि मग तिने चप्पल झटकून पाय पुढे केला, आणि पेन्सिल अलगद पायावर झेलली. फुटबॉलवाल्यांनी शिकावे ऐसा तो पवित्रा!

परंतु विद्येच्या वस्तूस पाय लागला. सामना चालू, घड्याळ चालू, प्रतिस्पर्धी पुढे, तरी पोरीने पेन्सिल उचलून आधी कपाळास लाविली, डोळे मिटून नमस्कार केला, आणि मगच पुढची रेघ काढिली. वसुंधराबाई दारात उभ्या राहून हे पाहत होत्या. त्यांस हसू आले ते त्यांनी पदराआड दडविले. मग तिन्ही नकाशे हाती घेतले, दमयंतीच्या नकाशावरून बोट फिरविले आणि पुसले, “ही रेघ कोणाकडे शिकलीस?”

“आयटीआयात, मॅडम,” दमयंती म्हणाली, आणि मग खरे काय ते सांगितले. “नाही. वडलांकडे. ते सुतार आहेत.”

जागा दमयंतीस मिळाली. कळंबोलीच्या काट्यास निरोप धाडिला की, पावत्या फाडावयास दुसरा कोणी पाहावा.

पुढे माघ मासी, सुकापुरात एका नव्या इमारतीच्या चौकटींचे काम काशिराम मिस्त्री यांस मिळाले, आणि ठेकेदाराने त्यांच्या हाती नकाशा दिधला, म्हणजे मूळ नकाशाची निळ्या रेघांची छापप्रत, अमोनियाचा वास मारणारी. मिस्त्रींनी तो नित्याप्रमाणे वाळूच्या ढिगावर पसरला आणि दारांची मापे पाहू लागले. तो उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट, आणि चौकटीत काही इंग्रजी अक्षरे. त्यांस इंग्रजी वाचता येत नव्हते, परंतु रेघ ओळखू आली. संध्याकाळी दमयंती घरी येताच नकाशा पुढे धरून पुसले, “ह्या कोपऱ्यात काय लिवलंय?”

“नकाशा ज्यानं काढला त्याचं नाव असतं तिथं. डी. के. मढवी.”

“डी म्हंजे दमयंती. मढवी तं आपण. मदलं काय?”

“के. काशिराम.”

तीस वर्षांत काशिरामांनी निम्म्या पनवेलीची दारे बसविली, परंतु एकाही दारावर त्यांचे नाव नव्हते, असण्याचा रिवाजच नव्हता. त्यांनी त्या एका अक्षरावर बोट ठेविले, आणि त्यांचे डोळे भरून आले, आणि कागदावर पाणी पडू नये म्हणून त्यांनी नकाशा लांब धरिला.

येणेप्रमाणे शके एकोणीसशे सोळा, माघ मासी, मौजे सुकापूर येथे मोहीम फत्ते जाहली, त्याची ही नोंद. दारे सागाची बसली, मापात बसली, आजतागायत एकही अडत नाही. कोणास शंका असेल त्याने जाऊन उघडून पाहावे.