निमसे नानांचे चार आठ

“आजपासून उंबरपाड्यात आकडा संपला! या गावात यापुढे जो कोणी आकडा लावील, त्याची गाठ माझ्याशी आहे,” असे तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष ज्ञानेश्वर निमसे यांनी ग्रामसभेत जाहीर केले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मटक्याचा दुपारचा आकडा निघायला अजून वीस मिनिटे होती. सभा वेळेत आटपली याचा सर्वांनाच आनंद झाला होता.

सापगाव ओलांडून पुढे गेले की उंबरपाडा लागतो. निमसे नाना त्याच्याही अलीकडून ऐकू येतात. मुरबाडच्या एसटी स्टँडवर बत्तीस वर्षे ते वाहतूक नियंत्रक होते. प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची, आणि मुतारीमागे उभ्या असलेल्या प्रवाशालाही कळेल अशी सांगायची, ही नोकरीची सवय. निवृत्तीच्या दिवशी खात्याने माईक काढून घेतला. आवाज काढून घेण्याची तरतूद नियमांत नव्हती.

मुरबाडच्या एका प्रतिष्ठानाने यंदा ‘आकडामुक्त गाव’ असा पुरस्कार जाहीर केला होता. पुरस्कार म्हणजे वेशीवर लावायचा एक लोखंडी फलक. वर गावाचे नाव आणि खाली, जरा बारीक अक्षरात, अध्यक्षाचे. हा फलक नानांना इतका हवा होता की त्यांनी वेशीवरची जागा टेपने मोजून ठेवली होती. अर्ज ऑनलाइन भरायचा होता. मुदत गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

आणि गुरुवारी सकाळपासून प्रतिष्ठानाची वेबसाइट उघडेना. घरच्या ब्रॉडबँडवर बाकी सगळे सुरळीत चालले होते. नानांच्या बायको सकुबाई वालाच्या बिरड्याचा व्हिडिओ तिसऱ्यांदा बघत होत्या. नानांचे डोके फिरले. महिनाभर नेट द्यायचे, त्यावर बिरडे दाखवायचे आणि सत्कार्य तेवढे अडवायचे, हा कुठला न्याय? कंपनीला चार फोन झाले. चारही वेळा एका मुलीने सांगितले, “आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे.” पाचव्या वेळी नानांनी तिला हेच वाक्य दोनदा म्हणून दाखवले.

शेवटी त्यांनी कल्याणच्या भाच्याला, किशोरला, फोन लावला. किशोर म्हणाला, वेबसाइटचा ठावठिकाणा सांगणारी कंपनीची खिडकी झोपलेली दिसते. स्टँडवर चौकशीची खिडकी बंद असली की आपण पानवाल्याला विचारतो, तसे दुसऱ्या खिडकीला विचारायचे. या खिडकीला डीएनएस म्हणतात. सर्वांना ओपन असलेला, फुकटचा एक डीएनएस आहे. त्याचे नंबर घरच्या नेटच्या डबीच्या सेटिंगमध्ये लावले की झाले.

नानांच्या खिडकीसमोर शेखरचे केशकर्तनालय आहे. तिथे भिमाची दाढी चालू होती. किशोरचे बोलणे काही तिथवर पोचत नव्हते. नानांचे मात्र पोचत होते.

“ओपन लावायचा? बरं, ओपन लावतो. सांग.”

शेखरचा वस्तरा भिमाच्या गालावर थांबला.

“आठ. परत आठ. चारी आठ? चारी आठच लावू ना रे? बरं. आनि दुसऱ्याला? आठ, आठ, चार, चार. लिहून घेतला. पन नक्की लागंल ना?”

पलीकडून किशोर काहीतरी बोलला.

“काय सांगतोस! तुज्याकडं रोज लागतो?”

पुढचे वाक्य ऐकायला दुकानात कोणी थांबले नाही. भिमा अर्धी दाढी घेऊन मोटरसायकलवर बसला आणि शेखर त्याच्या मागे. आकड्याच्या धंद्यात दुपारी निघतो त्याला ओपन म्हणतात आणि संध्याकाळी निघतो त्याला क्लोज, हे उंबरपाड्यात बाळगुटीबरोबर कळते. आता जो माणूस आकड्याविरुद्ध एवढा ओरडतो त्याला आतली खबर असणारच, हेही सगळ्यांना पटले. दुपारपर्यंत उंबरपाड्याने ओपनला आठ लावला आणि क्लोजला चार. ज्यांनी ग्रामसभेनंतर खरोखरच आकडा सोडला होता, त्यांनीही लावला. अध्यक्षांचा शब्द कसा मोडायचा?

इकडे वेबसाइट फाडकन उघडली. पावणेपाचला अर्ज भरून झाला. ‘गावात आकडा लावणाऱ्यांची संख्या’ या चौकटीत नानांनी समाधानाने शून्य लिहिले.

ओपनला तीन आला होता. क्लोजला सात आला.

शुक्रवारी सकाळी नाना दाढीला गेले, तर शेखरने त्यांना खुर्ची दिली नाही.

“नाना, चूक कोनाचीबी होते,” तो आरशाकडे बघत म्हणाला. “पन एवढ्या ठसक्यात सांगायचा, नि मंग तीन यायचा?”

“अरे, मी आकडा सांगितलाच नाय! मी डीएनएस लावला.”

“मंग आमीबी तोच लावला ना.”

नाना संतापून घरी आले. निदान बायको तरी आपल्या बाजूने उभी राहील, अशी त्यांची समजूत होती. पण सकुबाई त्यांच्यापेक्षा जास्त संतापल्या होत्या. नळावरच्या बायकांकडून त्यांना सगळे कळले होते.

“गावाला सांगितलात नि घरात नाय?” त्या म्हणाल्या. “चाळीस वर्सं संसार केला. मी भायेरच्याकडून ऐकायचा?”

शनिवारी एकेचाळीस सह्यांची तक्रार तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षांकडे दाखल झाली. विषय : अध्यक्षांनी चुकीचा आकडा दिल्याबाबत. अध्यक्षांनी ती वाचली, लाल झाले, आणि नियमाप्रमाणे स्वतःविरुद्धच्या तक्रारीची पोच स्वतःच सही करून दिली. सुनावणी रविवारी अकराला ठेवली. तासाभराने फोन आला. पुरस्कारासाठी गावाची पाहणी करायला प्रतिष्ठानाच्या संजीवनी मॅडम रविवारीच येणार होत्या. अकराला.

नानांनी सुनावणी पुढे ढकलायचा प्रयत्न केला. पण कुठलाही तंटा एक दिवससुद्धा लांबवायचा नाही, हा नियम त्यांनीच केला होता आणि समाजमंदिराच्या भिंतीवर तेलरंगात लिहूनही घेतला होता.

मॅडम वेळेवर आल्या. समाजमंदिर गच्च भरलेले बघून त्या भारावल्या. एवढे लोक आकड्याच्या विषयावर सुटीच्या दिवशी जमतात, असे गाव त्यांनी पाहिले नव्हते. त्यांनी वही उघडली. नानांना फलक हातचा जाताना दिसत होता. आता एकच मार्ग होता. खरे काय ते सांगायचे, दोनदा सांगायचे, आणि सर्वांना कळेल असे सांगायचे.

“डीएनएस म्हणजे आकडा नव्हे,” नाना उभे राहून कडाडले. “आकडा नव्हे! हे शास्त्र आहे. इंटरनेटवर प्रत्येकाला नाव असतं. पण यंत्राला नाव कळत नाही, त्याला नंबर लागतो. म्हणून आपण डीएनएसला नाव द्यायचं आणि त्याने त्या नावाचा नंबर सांगायचा. कुठलंही नाव द्या, नंबर हजर! जगभर रोज करोडो लोक विचारतात आणि तो करोडो लोकांना बरोबर नंबर सांगतो. ज्याला हे समजलं नाही त्याने माझ्यावर आळ घेतला. माझ्यावर!”

बत्तीस वर्षांत स्टँडवर एवढ्या लक्षपूर्वक नानांना कोणी ऐकले नव्हते. शेखर आणि भिमाने एकमेकांकडे पाहिले. मग शेखर हळूच उठला आणि खाली मान घालून म्हणाला, “आमची तक्रार मागं घेतो, नाना. आमाला ठावकीच नव्हता.” एकेचाळीस माना डोलल्या. संजीवनी मॅडमनी वहीत ‘समाधानकारक’ असे लिहायला घेतले.

तेवढ्यात मागच्या भिंतीला टेकलेली हिरीआजी काठीवर भार देऊन उठली. गावात सर्वांत वडीलधारी. तिने जन्मात कधी आकडा लावला नव्हता. वाट करून देत लोकांनी तिला पुढे आणले. तिने नानांच्या हातावर हात ठेवला.

“ज्ञानोबा,” ती म्हणाली, “मंग माज्या नावाचा काय येतो, तेवढा बग ना रे.”