भारासह चाल

घोड्यांच्या जातनोंदणीचे सरकारी डॉक्टर दहाला येणार होते आणि धैर्यशील इंगवले उजाडल्यापासून घोडीला खरारा करत होता. घोडी डोळे मिटून उभी होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून संयोगिता हे सगळं बघत होती.

"लग्नात माझ्याकडं तरी एवढं बघितलं होतं का वो तुमी?" ती म्हणाली.

"तू काय, घरातच हायस. हिच्या जातीची घोडी जिल्ह्यात हुडकून गावायची न्हाय."

धैर्यशीलचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं आणि शिरोलीच्या शिवारात घर. लेथवर तो सुताचाही फरक सोडत नसे, इतिहासात मात्र त्याचा हात सैल होता. घोडी आल्यापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी भीमथडी मिळे. भीमेच्या काठची ही जात. बंदरावर उतरलेल्या अरबी, तुर्की घोड्यांचं रक्त इथल्या तट्टांत मिसळून तयार झालेली. अंगाने लहान, खुरांनी दगड, मूठभर चाऱ्यावर दिवस काढणारी, घाट चढताना धाप न लागणारी. मराठ्यांच्या घोडदळाने हिच्याच पाठीवर बसून मुलूखच्या मुलूख पालथे घातले. "ॲव्हरेज बघा की पावणं," तो म्हणे. "टाकीत काय न्हाय आनि गाडी दिल्लीला." पुढे राज्यं गेली, घोडदळं मोडली आणि ही घोडी उरली ती मेंढपाळांच्या बिऱ्हाडांमागे. आता कुठे सरकारदरबारी स्वतंत्र जात म्हणून तिची नोंद झाली होती. हा शेवटचा भाग धैर्यशील उभा राहून सांगत असे.

घोडी त्याला मिळाली चिमणाबाईकडून. दरसाल तिची मेंढरं खतासाठी त्याच्या रानात बसायची. औंदा तिला दोन घोड्या चारणं होईना, म्हणून एक तिने धैर्यशीलला देऊन टाकली. चिमणाबाई तिला ठकी म्हणायची. धैर्यशीलने तिचं नाव रणरागिणी ठेवलं. घोडी दोन्ही नावांना सारखाच प्रतिसाद द्यायची, म्हणजे कान हलवायची आणि चरत राहायची.

चार महिन्यांत रणरागिणीने संयोगिताची मेथी खाल्ली, कढीपत्त्याचं झाड खाल्लं, आणि वाळत घातलेले सांडगे खाल्ले तेव्हा संयोगिताने निकाल दिला. "डॉक्टर शिक्का मारून गेले तर ऱ्हाऊ दे. न्हाय मारला, तर दुसऱ्या दिवशी चिमणाबाईच्या दारात." धैर्यशीलने मिशीला पीळ देत होकार दिला होता. पण खरं सांगायचं तर घोडी जायला नको होती त्याला. वर्कशॉपमधून दमून आल्यावर तो अर्धा तास घोडीजवळ नुसता उभा राही आणि दिवसभराचं सगळं तिला सांगे. ती मधे बोलत नसे. असं ऐकून घेणारं घरात दुसरं कोणी नव्हतं.

डॉ. विश्वजित चौगुले स्कूटरवरून आले, हेल्मेट काढलं आणि चहा नको म्हणाले. धैर्यशील भगवा फेटा बांधून तयार होता. त्याने भीमेच्या काठापासून सुरुवात केली.

"ते आम्हाला माहीत असतं," डॉक्टर म्हणाले. "या जिल्ह्यातला हा बारावा अर्ज. अकरा घोडे बघितले, एकही भीमथडी नाही निघाला."

त्यांनी टेप लावून उंची मोजली, दात बघितले, खूर उचलून ठोकून बघितले. "नाल नाही मारली?"

"फक्रुद्दीनचाचा आलता की. चार पिढ्यांचा नालबंद. अर्धा तास घासलं आनि म्हणाला, दादा, हिच्या खुराला काय हुईना, माझी कानस मात्र गेली."

डॉक्टर पहिल्यांदा थोडं हसले. आठ रकाने झरझर भरले गेले. नवव्यापाशी पेन थांबलं. "भारासह चाल. किमान तीनशे पावलं. बसून चालवून दाखवा."

धैर्यशीलने घोडीचे फोटो दोनशे काढले होते, पण सगळे शेजारी उभं राहून. तरी तो डगमगला नाही. त्याने कमरेवर शेला आवळला, संयोगिताकडे एक नजर टाकली आणि स्टुलावरून घोडीवर चढला. "चल, रणरागिणी."

रणरागिणी उभी राहिली. त्याने टाच मारली, जीभ टाळ्याला लावून आवाज काढला, मानेवर थोपटलं, शेवटी हात जोडले. घोडीने एकदा मागे वळून कोण बसलंय ते बघितलं आणि पुन्हा डोळे मिटले. वीस मिनिटं गेली.

"रकाना रिकामा ठेवून मला सही करता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

"चिमणाबाईला फोन लावू?" संयोगिताने विचारलं. तिला म्हणायचं होतं की घोडी न्यायला बोलवू का.

"लाव," धैर्यशील म्हणाला. त्याला म्हणायचं होतं की आधी हिला चालवतात कशी ते विचारू.

संयोगिताने फोन स्पीकरवर टाकला आणि चिमणाबाईने सगळं ऐकून घेतलं. "कुनी बसलंय का तिच्यावर?"

"मीच की मावशी."

"उतरा आदी. ती काय बसायची घोडी हाय व्हय? तिला वाटत आसंल, माणूस दमलाय, टेकलाय घटकाभर. दोन्ही अंगाला हंडं लावा, मदी वाकळा टाका, वर कोंबडी बांदा. मग कळतंय तिला, बिऱ्हाड निगालं म्हणून."

घरात हंडे होते, वाकळा होत्या, कोंबडीही होती. पण धैर्यशीलला हे काही पटेना. घोडदळाची घोडी आणि शिक्क्याच्या कागदावर फोटो नुसत्या कोंबडीचा, हे होणे नाही. मी वाकळांवर बसणारच, तो म्हणाला, आणि बसला. फोनवरून चिमणाबाई सांगत होती, "दोर घट आवळा वैनी. सैल ऱ्हायला तर वझं फिरतंय." संयोगिताने पोटाखालून दोर घेतला, हंड्यांवरून फिरवला, धैर्यशीलच्या दोन्ही मांड्यांवरून नेला आणि लग्नाच्या एकवीस वर्षांचं सगळं त्या गाठीत घातलं.

धैर्यशीलच्या पुढ्यात बांधलेल्या कोंबडीने एकदा आवाज काढला. घोडीने डोळे उघडले, अंग झाडलं आणि ती चालू लागली. डॉक्टर मागून पावलं मोजत होते. दोनशे ऐंशी, दोनशे नव्वद. फाटकाबाहेर तीनशे झाली.

"बस्स, झालं," डॉक्टर म्हणाले. "थांबवा आता."

धैर्यशीलने लगाम ओढला. घोडीने मान वळवली, म्हणजे फक्त मान. पाय आपल्या वाटेने चालत राहिले. ती सांगली रस्त्याला लागली तेव्हा त्याने कानाला फोन लावला. "मावशी, हिला थांबवायचं कसं?"

"वाटंत? वाटंत न्हाय थांबत. मेंढरं फुडं गेली तर काय करायचं? तळावर आली की थांबती."

"आनि तळ कुटं हाय?"

"ह्या मैन्यात आमी दरसाल चोकाकच्या फुडंच की. तिला ठावं हाय."

"मावशी, अकरा किलोमीटर हाय ते."

"मग? जेवून निगालाय न्हवं?"

डॉक्टरांनी स्कूटर काढली. नवरा हंड्यांसकट गेला म्हटल्यावर संयोगिताही मागे बसली. आता रस्त्यावरच्या माणसाला काय दिसत होतं, ते जरा बघा. पुढे धैर्यशील इंगवले, भांडी, अंथरूण आणि कोंबडी घेऊन, फेटा बांधून निघालेला. मागे त्याची बायको, परक्या माणसाच्या स्कूटरवर. लोकांनी आपला अर्थ आपण लावला.

"धैर्यशीलराव, घर सोडलं काय?" टपरीवरून एकाने विचारलं.

"प्रात्यक्षिक हाय," धैर्यशील घोडीवरून रुबाबात म्हणाला. मूठ कमरेवर होती. पाय दोरात असले तरी ताठ बसायला कोणी अडवलं नव्हतं.

डॉक्टरांनी दोनदा स्कूटर आडवी घातली. घोडी दोन्ही वेळा बाजूने गेली, आणि दुसऱ्या वेळी हंडा डॉक्टरांच्या आरशाला लागला. संयोगिताने पळत जाऊन गाठ सोडायचा प्रयत्न केला, पण चालत्या घोडीवर आपलीच गाठ तिला सुटेना.

बातमी घोडीच्या पुढे धावत होती. हेर्ले आलं तेव्हा धैर्यशीलची थोरली बहीण आक्का रस्त्याच्या मधोमध उभी होती, डोळ्याला पदर लावून. घोडी तिला वळसा घालून गेली. आक्का शेजारून चालू लागली.

"धैर्या, उतर खाली. भांड्याला भांडं लागतंयच. संसार असा मोडत्यात व्हय?"

"कुनाचा संसार मोडलाय आक्का?"

"मग उतर की. एवडा अभिमान बरा न्हवं."

"अभिमान न्हाय आक्का, दोर हाय."

आक्काने मागच्या स्कूटरकडे बघितलं, डॉक्टरांना आपादमस्तक न्याहाळलं आणि संयोगिताला म्हणाली, "तुझ्याकडनं ही अपेक्षा न्हवती." डॉक्टरांनी ओळखपत्र काढून दाखवलं. त्यावर घोड्याचं चित्र होतं, त्याने गोंधळ वाढलाच.

चोकाकच्या पुढे ऊस गेलेल्या एका रानात मेंढरं बसली होती. घोडी बांध उतरून आत गेली, बाभळीखाली एका ठरलेल्या जागी आली आणि थांबली. दोन तास पाच मिनिटं. डॉक्टर पळत आले. त्यांनी नाडी बघितली, छातीवर हात फिरवला, चारही खूर उचलले. अंगाला घाम नव्हता. घाम सगळा धैर्यशीलला आला होता.

"आता उतरवा वैनी," चिमणाबाई म्हणाली. "बायमाणसानंच उतरवायचं, तशी सवय हाय तिला. आदी कोंबडी, मग हंडं. माणूस शेवटाला." संयोगिताने तसंच केलं. चिमणाबाईने गाठ निरखली. "बांदणी झ्याक हाय वो. अकरा किलोमीटरात वझं रेसभर हाललं न्हाय. आमच्या सुनंला जमत न्हाय असली." संयोगिताचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. घोडीने हळूच आपली मान तिच्या खांद्यावर टाकली, आणि तिने ती तशीच राहू दिली.

धैर्यशील बांधावर बसून मांड्या चोळत होता. मेंढरांत घोडी अशी काही निवांत उभी होती, की त्याला भरून आलं. चार महिने तो तिला लढाया सांगत होता आणि तिला हवा होता फक्त एक हंडा. "मावशी," तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे हिला हितंच. हिचं घर हेच हाय."

"ऱ्हाऊ दे म्हंजे?" संयोगिता वळली. "आनि माझं हंडं कोण नेणार? तुमी?"

तिने पुन्हा ओझं बांधलं, या वेळी नवऱ्याशिवाय, आणि घोडीच्या पुढे चालू लागली. घोडी तिच्यामागे निघाली. चिमणाबाईने शिकवलेली एक हाक तिने दिली तेव्हा घोडी जागच्या जागी थांबलीसुद्धा. ती हाक मावशीने फोनवर का सांगितली नाही, असं धैर्यशीलने विचारलं. "ती बायांची हाय," चिमणाबाई म्हणाली.

महिन्याने प्रमाणपत्र आलं. धैर्यशीलने त्याला काचेची चौकट करून घेतली आणि दिवाणखान्यात अशी लावली की चपला काढतानाच नजर जावी. आता पाहुणे आले की तो चहाच्या आधी उभा राहतो आणि मोठ्याने वाचतो. जात भीमथडी. उंची, वर्ण, दात, खूर. आठवा रकाना संपला की तो घसा साफ करून पाहुण्यांना घोडी दाखवायला बाहेर न्यायला बघतो.

नववा रकाना चहाचा ट्रे घेऊन येणारी संयोगिता म्हणून दाखवते. तिला तो पाठ आहे. "भारासह चाल: अकरा किलोमीटर, विनाथांबा, उत्कृष्ट. भाराचा तपशील: हंडे दोन, वाकळा चार, कोंबडी एक, इसम एक."