फायबरचा पत्रा आणि कडूबाईचं विमान

कडूबाई उडाली, हे गावात कुणी म्हणजे कुणीच मानलं नाही. परक्यांचं सोडा, नवऱ्यानेही नाही. उलट बजरंगच घरोघर सांगत सुटला, "गाडीवर झोप लागली आन् पडली. वर म्हणती, उडाले."

झालं होतं असं. शेळ्यांच्या गोठ्यात उजेड यावा म्हणून छपराला फायबरचा एक पत्रा बसवायचा होता. दोघं मोटारसायकलवर कर्जतला गेली. दुकानदार म्हणाला, टेम्पो सांगू का? बजरंग म्हणाला, "एका पत्र्याला टेम्पो कशाला? मागं बायको हाय की." (बायको म्हणजे काय गाडीचं कॅरिअर आहे? पण हे उत्तर कडूबाईला गावाबाहेर पडल्यावर सुचलं. वाया गेलं.) तिने पत्रा डोक्यावर आडवा धरला, दोन्ही कडा मुठीत. ऊन लागेना. तिला जरा बरंच वाटलं.

माळावर समोरून वारं सुटलं. तेवढ्यात बजरंगला पुढची एसटी गाठायची हुक्की आली. गाडी पळाली, पत्र्याची पुढची कड जराशी वर झाली, आणि कडूबाईला वाटलं, आपलं वजन कुणीतरी काढून घेतंय. मग सीट खाली राहिली. मग बजरंगचं टक्कल दिसलं. ते एवढं पसरलंय हे तिला वरूनच कळलं. आणि मग धप्पकन ती रामहरीच्या कडब्याच्या गंजीत.

बजरंगने घरी पोचून गाडी लावली, "चहा टाक" म्हणाला, तेव्हा त्याला समजलं की चहा टाकणारी मागे नाही.

हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. सोमवारी बचत गटाची अध्यक्ष निवडायची होती. खुर्ची आजवर कडूबाईची, आणि तिच्यावर चुलत जाऊ राहीबाईचा डोळा. राहीबाई बायकांना म्हणायला लागली, "चालत्या गाडीवर झोपती आन् उठून थापा मारती. अशीच्या हातात गट द्यायचा का?"

कडूबाईची शाळा चौथीत सुटलेली, पण सून निकिता पॉलिटेक्निक शिकलेली.

"निके, खरं सांग. मी उडाले का न्हाई?"

निकिताने पेपरची लांब पट्टी फाडून सासूच्या ओठांखाली धरली. "आत्या, हिच्या वरून फुंका."

कडूबाईने चूल पेटवायची फुंकर मारली. लोंबणारी पट्टी ताडकन वर आली.

"वरनं वारं जोरात गेलं की वरचा दाब कमी हुतो. खालचा जास्त, तो वर ढकलतो," निकिता म्हणाली. "आन् पुढची कड तिरपी असली की पत्रा वाऱ्याला खाली लोटतो, म्हनून वारा पत्र्याला वर लोटतो. विमानाचे पंख दुसरं काय करत्यात?"

"म्हंजी मी विमान झाले."

"थोडं विमान. थोडा माळावरचा स्पीडब्रेकर, त्याच्या दणक्यानं सीट सुटली."

"स्पीडब्रेकरचं नाव काढू नको. आन् गाडी जोरात पळवली तर?"

"वेग दुप्पट, तर उचल चौपट. पर पत्रा लई तिरपा झाला की वरचं वारं पत्र्याला सोडतं, उचल जाती. मग खाली आपटायचं."

कडूबाईचं लक्ष 'चौपट'लाच थांबलं होतं. ती तडक नवऱ्यापुढे गेली.

"उद्या तुमी बसा मागं. न्हाई उडाला तर महिनाभर मी तोंड उघडनार न्हाई."

एवढी मोठी लालूच बजरंगला जन्मात कुणी दाखवली नव्हती. तो लगेच तयार झाला.

रविवारी सगळा बचत गट माळावर जमला. निकिताने मोटारसायकल घेतली, सासऱ्याला हेल्मेट घातलं, पत्रा हातात दिला. समोरून वारं असं की पदर सावरायची सोय नाही. राहीबाईने नारळसुद्धा फोडला. (तिला वाटलं, आपल्या खुर्चीचाच फुटतोय.) गाडी सुटली. कडूबाई पदर खोचून बांधाने पळत सुटली. "कड वर घ्या. आवो, पुढची कड."

बजरंगने कड वर घेतली. आणि बजरंग वर गेला. सीट आणि तो यांच्या मधून पलीकडचा रस्ता दिसला. बायका किंचाळल्या, कडूबाई जागच्या जागी नाचली. घाबरलेल्या बजरंगने पत्रा भिंतीसारखा उभाच धरला, वाऱ्याने पत्रा सोडला, आणि विमान थेट रामहरीच्या गंजीवर उतरलं. गंजी चौफेर उधळली, पत्र्याचे दोन तुकडे झाले, बजरंगची कंबर धरली.

सोमवारी गटात दुसरा विषय नव्हता. "बजरंगभाऊ काय उडाले गं." "नावच बजरंग, उडनारच."

"आगं, पयली मी उडाले," कडूबाई सांगत होती. ऐकतंय कोण? हात वर झाले ते सगळे राहीबाईसाठी.

"आसं कसं?" कडूबाई उभी राहिली. "मी खरं बोलले हे पटलं ना? झोपले नव्हते, हे पटलं ना?"

"पटलं की," राहीबाई खुर्चीवर ऐसपैस बसत म्हणाली. "झोपेत केलं असतंस तर माफ हुतं. तू पुरती जागी हुतीस, शास्त्र इचारून आलीस, आन् मग नवऱ्याला उडवलंस. रामहरीची गंजी गेली, पत्रा गेला, भावजी उताणे पडल्यात. आता बायांनो, ह्याला जबाबदार कोन, ते तुमीच सांगा."

चहात साखर किती यावर ज्या बायकांचं कधी एकमत झालं नव्हतं, त्या सगळ्या एका सुरात म्हणाल्या,

"कडूबाई."